पाहणारा पक्षी आणि नवापूरचा किनारा

पक्षीनिरीक्षण ही माणसाच्या निसर्गाशी असलेल्या सर्व व्यवहारांमधली सर्वांत निरुपद्रवी कृती मानली जाते. पक्षी पाहणारा काही तोडत नाही, पकडत नाही, खात नाही, विकत नाही. दुर्बीण डोळ्यांना लावतो, वहीत नाव टिपतो आणि घरी जातो. शिकार, मासेमारी, लाकूडतोड यांच्या शेजारी ठेवले तर हे पाहणे अगदी स्वच्छ वाटते. पण नुसते पाहणे खरोखर निर्दोष असते का? आणि ज्याला पाहिले त्याचे पाहणाऱ्यावर काही देणे चढते का? हा प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचा आहे. भारतीय परंपरेत त्याचा विचार फार जुन्या काळापासून झाला आहे, आणि तो करताना उदाहरणे बहुतेक वेळा पक्ष्यांचीच घेतली गेली आहेत.

पालघर जिल्ह्यात बोईसरच्या पश्चिमेला नवापूर हे किनाऱ्यावरचे गाव आहे. आसपास आलेवाडी, नांदगाव, मुरबे, दांडी, उच्छेळी ही मच्छीमारांची गावे आहेत. थोडे उत्तरेला तारापूर आणि तिथला १९६९ पासून चालू असलेला अणुऊर्जा प्रकल्प, तर गाव आणि रेल्वे यांच्या मध्ये तारापूर औद्योगिक वसाहत. लोकल गाड्या २०१३ मध्ये विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागल्यापासून मुंबईच्या माणसाला हा किनारा एका सकाळीत गाठता येतो. ओहोटीला येथे मोठा पट्टा उघडा पडतो आणि हिवाळाभर त्यावर दूरदेशीचे पाणपक्षी चरत असतात. चिखल्या, तुतवार, टिलवे, कुरव आणि सुरय यांची गर्दी असते, वर ब्राह्मणी घार घिरट्या घालते. अधिकृत अभयारण्य मात्र येथे नाही. जिल्ह्यातले तुंगारेश्वर अभयारण्य दक्षिणेला वसई तालुक्यात आहे. पक्ष्यांसाठी म्हणून राखलेले कर्नाळा अभयारण्य त्याहून लांब, रायगड जिल्ह्यात आहे. ते १९६८ साली जाहीर झाले. निरीक्षकांच्या गटांच्या ठरलेल्या सहली बहुधा अशाच राखीव जागांकडे जातात. राखीव जागा आणि राबता किनारा यांतला हा फरक प्रश्नाच्या मुळाशी जातो, म्हणून त्याकडे शेवटी यावे लागेल.

वसंत ऋतू पंचांगात चैत्र-वैशाखाचा. पक्षीनिरीक्षकांसाठी तो फाल्गुनातच सुरू होतो, पांगारा आणि पळस फुलू लागतात तेव्हा. या काळात किनाऱ्यावर आणि रानात दोन वेगळ्या गोष्टी एकदम घडत असतात. हिवाळी पाहुणे परतीच्या तयारीत असतात. काहींवर विणीचा रंग चढू लागतो, थंडीत भुरकट दिसणारा वाळूवरचा चिखल्या छातीवर तांबूस होतो. त्याच वेळी इथलेच रहिवासी पक्षी घरटी करू लागतात. टिटवी मोकळ्या जमिनीवर चार खडे सारून उथळ खळगा करते आणि त्यात मातीच्याच रंगाची अंडी घालते. तांबट वाळक्या फांदीला भोक पाडतो. वर्षभरात सर्वांत देखणे दृश्य याच दिवसांत असते, आणि पक्षी सर्वांत नाजूक अवस्थेतही याच दिवसांत असतो.

पाहण्याविषयीची सर्वांत प्रसिद्ध प्रतिमा मुंडकोपनिषदात आहे. तिचे मूळ ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात सापडते. एकाच झाडावर दोन पक्षी बसले आहेत, दोघे सखे आहेत. एक झाडाचे फळ खातो आहे, दुसरा न खाता नुसता पाहतो आहे. शांकरभाष्याने खाणाऱ्यात कर्मफळ भोगणारा जीव पाहिला आणि पाहणाऱ्यात ईश्वर. उपनिषदाचे पुढचे म्हणणे असे की खाणारा दुःखात बुडालेला असतो, आणि त्या दुसऱ्याकडे त्याची नजर गेली की शोक गळून पडतो. खाण्यापेक्षा पाहणे श्रेष्ठ, हा विचार इतक्या थोड्या शब्दांत इतरत्र क्वचितच मांडला गेला असेल.

याच विचाराला पुढे वेदान्तात साक्षी या संकल्पनेचे रूप आले. विद्यारण्यांच्या पंचदशीत एक पूर्ण प्रकरण नाटकगृहातल्या दिव्यावर आहे. तो दिवा यजमानाला, प्रेक्षकांना आणि नर्तकीला सारखाच उजळतो. सगळे निघून गेले तरी तसाच तेवत राहतो. साक्षी चैतन्य तसे आहे. ते दाखवते, पण जे दाखवते त्यात ढवळाढवळ करत नाही. सांख्यांचा पुरुषही असाच केवळ द्रष्टा आहे. हालचाल सगळी प्रकृतीची.

आजचा पक्षीनिरीक्षक स्वतःला या दुसऱ्या पक्ष्याच्या जागी कल्पितो. आपण खाणाऱ्यांतले नाही, पाहणाऱ्यांतले आहोत, ही त्याची मनोमन धारणा असते आणि तिच्यात खरेपणाही आहे. कित्येक तास हालचाल न करता, कशाचीही अपेक्षा न ठेवता एखाद्या खाडीकाठी बसणे ही मनाची फार मोठी साधना होऊ शकते. पण येथे एक घोटाळा होतो. साक्षित्व हे चैतन्याचे वर्णन आहे. ते देहाला लागू नाही. दिव्याच्या उजेडाने नर्तकीचा पाय अडत नाही. माणूस मात्र किनाऱ्यावर देह घेऊन येतो, त्या देहाला सावली असते, आवाज असतो, रंग असतो. वीस जणांचा गट आला की वीस देह येतात. पक्ष्याच्या लेखी हे वीस साक्षी नसतात. तो त्यांच्याकडे शिकारी प्राण्यांच्या टोळीकडे पाहावे तसाच पाहतो.

याचा हिशेब पक्ष्याच्या शरीरात मांडला जातो. छोटा टिलवा पंचवीस-तीस ग्रॅमचा पक्षी. त्याची वीण आर्क्टिक टुंड्रात होते. वाळूवरचे चिखल्ये लडाख-तिबेटच्या उंच पठारांवर घरटी करतात. निघण्यापूर्वीच्या आठवड्यांत त्यांना अंगात चरबी साठवावी लागते, कारण वाटेत तेच इंधन. चरण्याची वेळ त्यांच्या हातात नसते, ती भरती-ओहोटीच्या हातात असते. पाणी उतरल्यापासून पुन्हा चढेपर्यंतच्या काही तासांत जे मिळेल ते मिळेल. या तासांत कोणी जवळून छायाचित्र घेण्यासाठी थवा दोनदा-तीनदा उडवला तर उडण्यात शक्ती जाते आणि खाण्याचा वेळही जातो. थवा उडतो, वळणे घेतो, रुपेरी पोटे एकदम चमकतात, आणि पाहणाऱ्यांना ते दृश्य त्या सकाळचा कळस वाटते. त्याची किंमत कोणी मोजली, हे कॅमेऱ्यात येत नाही.

रहिवासी पक्ष्यांचे तसेच. टिटवी माणूस जवळ आला की अंड्यांवरून उठते आणि ओरडत डोक्यावर फिरते. तेवढा वेळ अंडी चैत्राच्या उन्हात उघडी पडतात, कावळ्याला खळगा कुठे आहे ते कळते. रानातल्या सहलीत मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला झुडपाबाहेर बोलावण्याची एक रीत आहे. नर पक्षी समजतो की आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. तो पिल्लांचा चारा सोडून नसलेल्या शत्रूशी झुंजायला धावतो. कोणाच्याही मनात येथे वाईट हेतू नसतो. पाहणाऱ्याच्या मनात प्रेमच असते.

मग हेतू शुद्ध असताना दोष कुठे, हा प्रश्न उरतो आणि यावर भारतीय विचारात मोठा वाद झालेला आहे. मज्झिम निकायातल्या उपालिसुत्तात तो समोरासमोर येतो. निगंठांचा, म्हणजे जैनांचा, प्रतिनिधी म्हणतो की कायेने केलेले कर्म सर्वांत दोषास्पद; बुद्ध म्हणतात की मनाचे कर्म सर्वांत महत्त्वाचे. वर वर पाहता बौद्ध बाजू पक्षीनिरीक्षकाच्या सोयीची आहे. मनात हिंसा नाही, तर हिंसा नाही. पण बौद्धांच्या संघानेच पावसाळ्याच्या महिन्यांत भटकंती थांबवून एका जागी राहण्याचा नियम स्वीकारला, आणि त्यामागचे कारण विनयपिटकात दिले आहे: भिक्षू ओल्या जमिनीवरून फिरतात, कोवळे अंकुर आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार होती. तुडवण्याचा हेतू एकाही भिक्षूचा नव्हता. तरीही चालणे थांबले.

जैन विचाराने हा प्रश्न अधिक काटेकोरपणे सोडवला. तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्या केवळ प्राण जाण्यावर थांबत नाही. प्राण प्रमादाने, म्हणजे बेसावधपणे वागल्यामुळे गेला का, हे ती विचारते. कुंदकुंदाचार्यांनी प्रवचनसारात याचा शेवटचा निष्कर्ष काढला आहे. जो सांभाळून वागत नाही त्याला हिंसेचा दोष लागतो, मग समोरचा जीव मरो वा जगो. जो सांभाळून चालतो त्याच्या हातून अजाणता जीव गेला तरी त्याला तो दोष बांधत नाही. म्हणजे दोषाचे मूळ हेतूतही नाही आणि केवळ परिणामातही नाही. ते सावधपणाच्या अभावात आहे. म्हणूनच साधूसाठी ईर्यासमिती सांगितली आहे: चालताना पुढची काही हात जमीन पाहून मग पाऊल टाकावे. टिटवीच्या विणीच्या दिवसांत खाडीकाठच्या मोकळ्या जमिनीवर चालणाऱ्या माणसाला याहून योग्य नियम देता येणार नाही. दुर्बिणीतून दूरवर पाहणाऱ्याचे पायाखाली लक्ष नसते, आणि अंडी पायाखाली असतात.

या दृष्टीने पक्षीनिरीक्षणातली अहिंसा आपोआप मिळत नाही. ती प्रत्येक सकाळी कमवावी लागते. अंतर राखणे, थव्याच्या रोखाने सरळ न चालणे, गटाने पांगून पक्ष्यांना घेरणे टाळणे, घरट्याजवळ न थांबणे आणि त्याची जागा न सांगणे हे सगळे सहलीचे शिष्टाचार म्हणून शिकवले जाते. ते तेवढेच नाहीत. न खाता पाहण्याचा दावा ज्याला करायचा आहे त्याच्यासाठी ती त्या दाव्याची अट आहे.

दुसरा प्रश्न संग्रहाचा. आधुनिक पक्षीशास्त्राचा भारतातला इतिहास बंदुकीपासून सुरू होतो. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहातली पक्ष्यांची कातडी मारलेल्या पक्ष्यांची आहेत. सालिम अली (१८९६–१९८७) यांचा या वाटेवरचा प्रवेशही असाच झाला. लहानपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती हे विचारण्यासाठी मामांनी त्यांना सोसायटीत पाठवले. तिथे सोसायटीचे सचिव मिलार्ड यांनी त्यांच्यापुढे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कपाट उघडले. भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पहिले मोठे पुस्तक १९४१ साली आले, आणि सामान्य माणसाला मारल्याशिवाय पक्षी ओळखता येऊ लागला तो अशा सचित्र पुस्तकांमुळे. बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली, हे विसाव्या शतकातले एक खरे नैतिक स्थित्यंतर आहे आणि ते कमी लेखू नये.

पण कातड्यांचे कपाट गेले तरी कपाटाची ओढ जाईलच असे नाही. आयुष्यात पाहिलेल्या जातींची यादी, दुर्मीळ पक्ष्यामागे जिल्हे ओलांडून धावणे, दुसऱ्याच्या आधी छायाचित्र टाकण्याची घाई, यांत संग्रह सूक्ष्म रूपाने शिल्लक राहतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू येतात. मराठी वाचकाला ते एकनाथांमुळे घरचे झाले. एकनाथी भागवत १५७३ मध्ये काशीत पुरे झाले. या गुरूंमध्ये एक कुरर पक्षी आहे. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा आहे म्हणून बळकट पक्षी त्याच्यामागे लागतात. तो तुकडा टाकतो आणि त्याच क्षणी सुखी होतो. या दृष्टान्ताचा वापर अपरिग्रह शिकवण्यासाठी केला जातो, पण त्यात पक्षीनिरीक्षकासाठी आणखी एक गोष्ट आहे. अवधूताने त्या पक्ष्याला पाहिले आणि त्याच्याकडून तो काही शिकला. पक्षी त्याच्या यादीत गेला नाही. तो गुरू झाला. निरीक्षणाची प्रत याहून वेगळ्या मापाने मोजणे कठीण आहे.

येथवर विचार पाहणाऱ्याच्या स्वतःच्या आचरणाचा झाला. आता देण्याचा. वाल्मीकी रामायणाच्या आरंभी तमसा नदीकाठी क्रौंच पक्ष्यांची जोडी विहार करत आहे आणि एक ऋषी ती पाहतो आहे. निषाद नराला मारतो, मादी आक्रोश करते. या प्रसंगातला पाहणारा मारणारा नाही आणि खाणाराही नाही. तरीही त्याच्याच्याने स्वस्थ राहवत नाही. त्याच्या तोंडून जे निघते ते परंपरेने पहिला श्लोक मानले. मुंडकातला पाहणारा आणि तमसाकाठचा पाहणारा यांच्यात मोठे अंतर आहे. पहिला न खाता तटस्थ राहतो, दुसरा पाहिल्यामुळे गुंततो. माणसाच्या वाट्याला बहुधा दुसऱ्याचीच जागा आहे. ईश्वराला तटस्थ राहणे शोभते, कारण त्याच्या पाहण्यानेच जीवाचा शोक जातो. माणूस पाहून तटस्थ राहिला तर कोणाचाच शोक जात नाही. त्याच कथेची एक बाजू मात्र सहसा दुर्लक्षित राहते: निषाद हा रानातून पोट भरणारा माणूस आहे, आणि शाप त्याला मिळतो. पक्ष्यासाठी कळवळताना पक्ष्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाकडे कसे पाहायचे, हा प्रश्न तेव्हापासून उघडा आहे.

त्याचे एक उत्तर याच जिल्ह्याच्या जमिनीतून निघाले आहे. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उत्खनन करून उजेडात आणला, आणि त्याच परिसरात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा त्यांना मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. अशोकाच्या चौदा मोठ्या लेखांपैकी नेमका आठवा लेख येथे मिळावा, याचे या विषयाच्या दृष्टीने मोल फार आहे, कारण तो लेख सहलींविषयी आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत, त्यांत शिकार आणि तसलीच करमणूक असे, असे त्यात सांगितले आहे. अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेला, आणि तेव्हापासून त्याने विहारयात्रेच्या जागी धर्मयात्रा आणली. तिच्यात श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि दान होते, वृद्धांची भेट होती, आणि गावोगावच्या लोकांना भेटणे, त्यांच्याशी धर्माविषयी बोलणे हेही होते. शिकार गेली एवढ्यावर तो थांबला नाही. शिकारीच्या जागी त्या प्रदेशातली माणसे आली. प्राण्यांचा विषय त्याने सोडला असेही नाही. पाचव्या स्तंभलेखात त्याने पोपट, मैना, चक्रवाक, हंस यांच्यासह अनेक जीवांना अवध्य ठरवले, आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या शेळ्या-मेंढ्या-डुकरिणींना व त्यांच्या सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना मारू नये असे सांगितले. विणीच्या काळाचा संयम राज्याच्या नियमात त्या वेळीच आला होता.

पक्षीनिरीक्षकांची सहल शिकारीच्या यात्रेची वंशज आहे. हत्यारे बदलली, पण सुट्टीच्या दिवशी शहरातून निघून रानात किंवा किनाऱ्यावर जाणे, तिथे काही मिळवणे आणि परतणे हा साचा तोच आहे. आठव्या शिलालेखाच्या कसोटीवर ती धर्मयात्रा केव्हा होते? नवापूरच्या किनाऱ्यावर हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

या किनाऱ्यावर पक्ष्यांकडे रोज पाहणारी माणसे आधीपासून आहेत. सुरय आणि कुरव कुठे झेपावतात यावरून पाण्यातला मासळीचा थवा कळतो, हे मच्छीमाराचे पाहणे आहे. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत असताना कावळे आणि घारी हाकलणे हेही पाहणेच आहे. उपनिषदाच्या झाडावर ही माणसे खाणाऱ्या पक्ष्याच्या बाजूला बसतात. दोन पक्षी सखे आहेत हे त्या प्रतिमेत आवर्जून सांगितले आहे, आणि न खाणाऱ्याला तिथे खाणाऱ्याचा तिरस्कार करण्याची मुभा नाही. पाहुण्या पक्ष्यांचे आणि मच्छीमारांचे पोट एकाच चिखलावर आणि एकाच पाण्यावर चालते.

तेच पाणी गेली अनेक वर्षे बिघडलेले आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीतले सांडपाणी नळवाहिनीने नवापूरजवळ समुद्रात सोडले जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूरला देशातल्या औद्योगिक क्षेत्रांमध्ये प्रदूषणाचा सर्वाधिक निर्देशांक मिळाला. सांडपाण्यामुळे खाड्यांची आणि मासेमारीची हानी होत असल्याची तक्रार अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे नेली. ती नेणारे मासेमारी करणाऱ्या समाजाचे लोक होते. ज्यांना खाणारे म्हणून बाजूला ठेवले जाते त्यांनीच या किनाऱ्याच्या वतीने पहिला आवाज काढला, ही गोष्ट पक्षीनिरीक्षकाने विसरू नये अशी आहे. आणखी उत्तरेला वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली. या किनारपट्टीच्या चिखलाचे आणि खडकांचे भवितव्य पुढच्या काही दशकांत ठरणार आहे.

पंचतंत्रात टिटवीची गोष्ट आहे. मादी म्हणते, समुद्राच्या काठावर अंडी घालायला नकोत. नर ऐकत नाही. समुद्र अंडी ओढून नेतो. मग टिटवी बाकीच्या पक्ष्यांकडे जाते, सगळे मिळून गरुडाकडे जातात, गरुड विष्णूकडे जातो, आणि समुद्राला अंडी परत द्यावी लागतात. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात चोचीने सागर मोजू पाहणारी टिटवी आपल्या असमर्थपणाची खूण म्हणून येते. पंचतंत्रातली टिटवीही असमर्थच आहे, पण ती एकटी राहत नाही. गटाने एकत्र येण्याचा अर्थ या गोष्टीत सापडतो. एकट्याने पक्षी अधिक चांगला दिसतो, शांतता अधिक मिळते, आणि पक्ष्यालाही एक माणूस वीस माणसांपेक्षा सोसतो. तरीही गटाने जाण्याला काही समर्थन असेल तर ते हेच, की गटाने पाहिलेले सांगता येते आणि सांगितलेले कोणीतरी ऐकते.

हे सांगणे आता मोजता येईल इतके मोठे झाले आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरच्या अहवालात ९४२ जातींचा विचार झाला. तो तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी दिलेल्या तीन कोटी नोंदींवर उभा होता. त्यातून १७८ जाती संवर्धनाच्या दृष्टीने सर्वांत तातडीच्या ठरल्या. यादीचा दुसरा उपयोग येथे दिसतो. स्वतःच्या कपाटात ठेवलेली यादी परिग्रह आहे. सर्वांसमोर ठेवलेली, तारीख-ठिकाणासह दिलेली आणि कोणालाही पडताळता येणारी यादी ऋण फेडण्याचे साधन होऊ शकते. तांबूस छातीचे चिखल्ये अमुक किनाऱ्यावर अमुक चैत्रात होते आणि दहा वर्षांनी नव्हते, एवढे एक वाक्य खरेपणाने लिहून ठेवायलाही अनेकांचे अनेक वसंत लागतात.

म्हणूनच सहल कुठे जाते याला महत्त्व आहे. कर्नाळा किंवा तुंगारेश्वर यांना कायद्याचे कुंपण आहे, तिथे वनखात्याचे लक्ष आहे, आणि तिथल्या वसंतात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पण सहली फक्त तिकडेच गेल्या तर निसर्ग कुंपणाच्या आतच असतो अशी एक समजूत नकळत पक्की होते. नवापूरसारख्या किनाऱ्यावर कुंपण नाही, तिथे माणसे राहतात आणि कारखान्यांचे पाणीही तिथेच येते. तिथे कोणी पाहिले नाही तर झालेल्या बदलाची नोंदही होणार नाही. राखीव जागेला तिथे राहणारा एक रखवालदार असतो. राबत्या किनाऱ्याला फक्त पाहणारे असतात.

काळाविषयीही असाच विवेक लागतो. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षीसप्ताह साजरा होतो. एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आहे, दुसऱ्या टोकाला सालिम अलींचा. मोठ्या गटांच्या, नवशिक्यांच्या आणि शाळेच्या मुलांच्या सहलींना तेच दिवस योग्य आहेत. पाहुणे नुकतेच पोचलेले असतात, टिटवीची वीण संपलेली असते, आणि ओळख शिकताना होणारी धांदल पक्ष्यांना तुलनेने कमी भोवते. वसंतातली सहल लहान असावी, अनुभवी माणसाच्या मागून चालणारी असावी, ओहोटीच्या चरण्याच्या वेळी किनाऱ्याच्या वरच्या कडेने जाणारी असावी, आणि तिचा काही वेळ बोटी लावलेल्या जागी मच्छीमारांशी बोलण्यात जावा. यंदा कुठले पक्षी उशिरा आले, कुठली मासळी जाळ्यात येईनाशी झाली, नळवाहिनीच्या तोंडाशी पाण्याचा रंग केव्हा बदलतो, हे त्यांना ठाऊक असते आणि ते पक्ष्यांच्या नोंदीशेजारीच लिहून ठेवण्यासारखे असते.